बोर्डावर नसलेला भाव

रावेर तालुक्यात माणूस केळी सोडून दुसऱ्या कशाच्याही नादी लागला, की घरचे आधी त्याचा भाव विचारतात. त्यात वाकडं काही नसतं. सकाळी चहाच्या आधी बोर्डाचा भाव बघायची सवय हाडात मुरलेली असते. बऱ्हाणपूरला काय निघाला, रावेरला काय निघाला, आणि त्या भावाने व्यापारी खरंच माल उचलणार आहे का, हे तिन्ही प्रश्न दूध उतू जायच्या आत निकाली काढावे लागतात. त्याच सवयीने, मी एमएसडब्ल्यूला नाव टाकलं तेव्हा आप्पांनी विचारलं, ‘‘याला भाव काय आहे?’’ डीएडचा भाव केव्हाच बसला होता, इंजिनिअरिंगचा बसत चालला होता, फार्मसी अजून तग धरून होती. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी मात्र कोणत्याच बोर्डावर नव्हती. आप्पा म्हणाले, ‘‘जा. निदान पडायची तरी भीती नाही.’’

गल्लीचा प्रश्न निराळा होता. समाजकार्य करायला कॉलेज कशाला लागतं? आणि गल्लीचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. आमच्याकडे समाजकार्य साधारण चाळिशीनंतर आणि निवडणुकीच्या आधी करायचं असतं. चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर गॉगल घातलेला एकेक ‘सामाजिक कार्यकर्ता’ फोन कानाला लावून उभा असतो. तो फोनवर कोणाशी बोलतो हे कोणाला माहीत नाही, पण त्याला गुणपत्रिका कोणीही मागत नाही. वाढदिवशी दवाखान्यात फळं वाटली की त्याचं सत्र संपलं. फळं म्हणजे अर्थातच केळी, कारण ती घरचीच असतात. अशा तालुक्यातली एक मुलगी चार सत्रं, प्रत्येक सत्रात लेखी पेपर, शिवाय लघुप्रबंध आणि तोंडी परीक्षा देऊन हेच शिकणार म्हटल्यावर लोकांना तिची काळजी वाटणारच.

पण सगळ्यात वर्मी बोलले ते शेजारचे आबा. आबा निवृत्त शिक्षक. खोट काढायची त्यांची सवय अजून गेलेली नाही, वह्या तेवढ्या राहिल्या नाहीत. ते म्हणाले, ‘‘आधीचे लोक समाजकार्यासाठी नोकरी सोडायचे. तू नोकरीसाठी समाजकार्य धरलंस.’’

हे वाक्य रावेर तालुक्यात बोलायला वजन लागतं, आणि ते तालुक्याकडे आहे. आमच्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी पोलिसात फौजदार होते. फौजदारकी म्हणजे त्या काळात सात पिढ्या मिरवावी अशी गोष्ट. ती सोडून ते स्वातंत्र्य चळवळीत उतरले. पुढे १९३६च्या डिसेंबरात आमच्या शेजारच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, शिवाय गांधीजी आलेले. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून सारं नगर सजवलं. ते घडवून आणणाऱ्यांत धनाजी नाना पुढे होते. आबांच्या वडिलांनी ते अधिवेशन पाहिलं होतं, आणि आबा ते स्वतः पाहिल्यासारखं सांगतात. माणसं बैलगाड्या जुंपून कशी आली, भाकरी कोणाच्या घरून गेल्या, कोणत्या शेतातली तूर त्या गर्दीत तुडवली गेली आणि मालकाने भरपाई कशी मागितली नाही. भरपाई न मागितल्याचा भाग आबा दोनदा सांगतात. बहुधा तो त्यांच्या वाडवडिलांच्या तुरीचाच असावा.

गंमत अशी, की त्याच १९३६ साली मुंबईत नागपाड्याला समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली शाळा निघाली. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी तिथे गिरणी कामगारांच्या वस्तीत ‘नेबरहूड हाऊस’ चालवत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशाने ती सुरू झाली. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. म्हणजे एकाच वर्षी आमच्या बांधावर समाजकार्य चळवळीच्या मांडवात उभं होतं आणि मुंबईत ते बाकावर बसून वहीत उतरवलं जात होतं. आबा फैजपूरचे आणि मी नागपाड्याची. दोन्ही घराणी जुनी आहेत हे मी त्यांना सांगितलं. आबा म्हणाले, ‘‘आमच्या घराण्यात फी नव्हती.’’

त्यांना आणखी एक सांगायचं मी टाळलं. धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री झाले, १९९० ते १९९५ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. जळगावच्या समाजकार्य महाविद्यालयाला आज त्यांचंच नाव आहे. फौजदारकी सोडणाऱ्या बापाच्या मुलाचं नाव नोकरीसाठी समाजकार्य शिकणाऱ्या पोरांच्या गुणपत्रिकेवर. आबांना हे कळलं असतं तर वाद मिटला असता, आणि वाद मिटला की आबा संध्याकाळी ओट्यावर यायचे बंद होतात, असा अनुभव आहे.

आमचं विद्यापीठ तसं तरुण. १५ ऑगस्ट १९९०ला पुणे विद्यापीठातून वेगळं झालं आणि जळगाव, धुळे (नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होतं) इथल्या मुलांचं पुण्याला खेटे घालणं थांबलं. २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिच्या नावाने पदवी घ्यायची, यावर भाषणं पुष्कळ होतात आणि बरीचशी डोळे ओले करणारी असतात. मला त्यातलं दुसरंच काही आवडतं. आमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात भेटणारी मेरी रिचमंड ही अमेरिकन बाईसुद्धा कॉलेजात गेलेली नव्हती. बाल्टिमोरच्या एका धर्मादाय संस्थेत ती हिशेब सांभाळायला लागली आणि १९१७ साली तिने ‘सोशल डायग्नोसिस’ नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. गरजू माणसाची माहिती कुठून, कशी, किती विश्वासाने घ्यायची हे तिने त्यात मांडलं. नातेवाइकांकडून काय घ्यावं, डॉक्टरकडून काय, शाळेतून काय, शेजारपाजाऱ्यांकडून काय. तेव्हापासून आम्ही कॉलेजात न गेलेल्या बाईचं पुस्तक, शाळेत न गेलेल्या बाईच्या विद्यापीठात, ७५ टक्के हजेरीची अट पाळून शिकतो.

रावेरहून जळगावला गाडीने जायचं म्हणजे भुसावळला थोडं थांबणं आलंच. आमची बरीच समाजकार्याची तत्त्वं त्या फलाटावर पाठ झाली. डब्यात शिक्षक, रेल्वेवाले, तारखेला निघालेले पक्षकार, आणि एखादा केळी व्यापारी. व्यापारी माणूस आमच्या हातातल्या झेरॉक्स वाचायचा. एकाने ‘समुदाय संघटन’ हे प्रकरण सावद्यापर्यंत वाचलं आणि परत देताना म्हणाला, ‘‘हे आमच्यात दसऱ्याआधी भाव पाडायला करतात.’’

आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य. वर्गात त्याला क्षेत्रकार्य म्हणतात, फलाटावर फिल्डवर्क. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला झोळी, झोळीत वही. या तीन वस्तू घेऊन कोणीही आमच्या गावांत शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘विम्याचे का?’’ केळीला हवामानावर आधारलेला फळपीक विमा आहे. उन्हाळ्यात पारा ठरावीक अंशांच्या वर राहिला, थंडी ठरावीक अंशांच्या खाली गेली, वाऱ्याने बाग आडवी पडली, की पैसे मिळतात, निदान मिळायचे असतात. त्यामुळे कागद घेऊन आलेला अनोळखी माणूस विम्याचाच, यावर गावाची श्रद्धा आहे. आम्ही कुटुंब सर्वेक्षणाला गेलो तर एका काकांनी आम्हाला थेट बागेत नेलं. जूनच्या वादळाने मोडलेली खोडं दाखवली, अर्धवट भरलेले घड दाखवले, कुठल्या बाजूने वारा आला ते हात करून दाखवलं. आम्ही विम्याचे नाही हे सांगायला तोंड उघडावं तर ते म्हणायचे, ‘‘आधी बघून घ्या.’’ सगळं बघून झाल्यावर आम्ही सांगितलं. ते म्हणाले, ‘‘माहीत आहे. विम्याचे एवढं बघत नाहीत.’’

त्या दिवशी माझ्या कुर्त्याला केळीचा चीक लागला. ज्यांच्या घरी केळी नाही त्यांना सांगायला हवं, की हा चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, आणि वाळला की काळपट तपकिरी होऊन बसतो तो कायमचा. साबण, लिंबू, रॉकेल, कशाला दाद देत नाही. म्हणून बागेत कामाला जाणाऱ्यांचे कपडे वेगळे असतात. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने साधी सुती वस्त्रं वापरावीत अशी अपेक्षा असते. मी पुढे तोच डागाळलेला कुर्ता फिल्डवर्कला वापरत राहिले, आणि विम्याचे का हा प्रश्न निम्म्याने कमी झाला. हे कुठल्याही पुस्तकात नाही. मी रेकॉर्डिंगमध्ये लिहिलं होतं, मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली.

रेकॉर्डिंग ही एक वेगळीच चीज आहे. गावातून आलं की त्या दिवसाचं सगळं लिहून द्यायचं. उद्देश, घटनाक्रम, निरीक्षण, विश्लेषण, पुढचं नियोजन. पहिल्या वर्षाची सगळी मुलं प्रत्येक पानाच्या शेवटी ‘खूप वाईट वाटले’ असं लिहितात. मॅडम त्याखाली लाल शाईने लिहीत, ‘ठीक. मग काय केले?’ या चार शब्दांनी आमच्या बॅचची जितकी कविता मारली तितकी भाषाविषयाच्या परीक्षांनीही मारली नसेल.

लिहिणारा माणूस गावाला आवडतो, पण त्याच्या अटी असतात. एका गल्लीत एक आजी माझ्या खांद्यावरून वहीत डोकावल्या.

‘‘काय लिही राह्यली व पोरी?’’

‘‘तुमचं नाव, आजी. आणि वय.’’

‘‘वय जास्ती लिही. श्रावणबाळचं बसत नाही.’’

श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं पूर्ण लागतात आणि आजींच्या आधार कार्डावर कोणी तरी घाईत एक जानेवारी टाकून त्यांना तरुण करून ठेवलं होतं. आपल्याकडे बायका वय चोरतात असं म्हणतात. शासनाने या एका अटीवर गावोगावच्या बायकांना वय वाढवून सांगायला शिकवलं. माझ्या वहीत वाढवून लिहिल्याने काही होणार नव्हतं. शाळेच्या दाखल्यासाठी आम्ही त्यांच्या माहेरच्या शाळेत गेलो, तिथे त्यांचं नाव नव्हतं, भावाचं होतं. भाऊ त्यांच्याहून धाकटा, आणि त्याला श्रावणबाळ सुरू होतं. हा तर्क तहसीलच्या टेबलावर मांडायला बरेच महिने गेले. तो कुठल्या प्रकरणात बसतो हे परीक्षेत विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

समाजकार्याची पाठांतराने शिकायची जी तत्त्वं आहेत त्यातली सर्वांत प्रसिद्ध सात फेलिक्स बिएस्टेक या जेझुइट पाद्र्याची. १९५७ सालच्या पुस्तकातली. प्रत्येक माणूस वेगळा आहे हे माना, त्याला भावना मोकळ्या करू द्या, आपल्या भावना आवरा, त्याला आहे तसा स्वीकारा, न्यायनिवाडा करू नका, त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या, आणि त्याने सांगितलेलं कोणाला सांगू नका. सातपैकी साडेचार रावेरला निभावतात. शेवटच्याचं काय करायचं हे बिएस्टेक सांगत नाही, कारण त्याने ओटा पाहिला नव्हता.

नवऱ्याने मारलं म्हणून माहेरी आलेल्या एका मुलीशी मला बोलायचं होतं. पुस्तकात शांत, स्वतंत्र खोली सुचवलेली असते. घर एका खोलीचं. मी म्हटलं, जरा एकटीशी बोलायचं आहे. तिच्या आईने लगेच सगळ्या पोरांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि स्वतः आत बसली. मग तिची काकू आली, कारण दार लावलेलं दिसलं. मग दार का लावलं म्हणून समोरची आली. काही वेळाने आत मी, ती मुलगी आणि तिच्याबद्दल गुप्तता पाळणाऱ्या पाचसहा बायका होतो. मुलगी गप्प होती. काकू तिच्या वतीने भावना मोकळ्या करत होत्या.

माझी आत्या या क्षेत्रात माझ्या जन्माआधीपासून आहे. तिला पदवी नाही, मानधन नाही, कार्यक्षेत्राला हद्द नाही. कोणाची सून माहेराहून परतली नाही, कोणाचा पोरगा भुसावळला कामाला जातो म्हणून सांगून दुसरीकडेच बसतो, कोणाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही, हे तिला आधी कळतं. बाळंतिणीला शेकायला ती जाते, दवाखान्यात डबा ती नेते, मयतीच्या घरी पिठलं-भाकरी तीच पोचवते. मी तिला बिएस्टेकची तत्त्वं वाचून दाखवली. तिने प्रत्येकाला मान हलवली. न्यायनिवाडा करू नये यावर मात्र तिचा आक्षेप होता. तिचं म्हणणं, आधी पोटभर जेवू घालावं आणि मग पोटभर बोलावं. उपाशी माणसाला बोलू नये, पण जेवलेल्याला बोललंच नाही तर तो सुधारणार कसा? गोपनीयतेचं तत्त्व ऐकून ती हसली. ‘‘कोणाला सांगायचंच नाही तर मदत आणायची कुठून?’’ आणि हे खरंच होतं. ती ज्या घरात डबा न्यायची त्या घरची हकीकत तिने चार घरी सांगितलेली असे, म्हणून त्या डब्यात एका घरचं वरण, दुसऱ्या घरची बट्टी आणि तिसऱ्या घरचं भरीत असे. तिची सगळी यंत्रणा गोपनीयता फोडण्यावर चालायची. याला पुस्तकात ‘संसाधनांचे एकत्रीकरण’ म्हणतात.

मी दोघांच्यामध्ये, पाद्री आणि आत्याच्या, पुष्कळ दिवस लोंबकळत होते. लाज असलेल्या दुःखाला आत्या चालत नाही, हे हळूहळू दिसायला लागलं. भुकेची, आजाराची, मयतीची गोष्ट चारचौघांत सांगून निभते. मार खाल्ल्याची, तपासणीत काही निघाल्याची, दारूच्या पायी घरातलं सोनं गेल्याची गोष्ट निभत नाही. ती सांगायला लोक शेजारी सोडून थेट रेल्वेत बसून परगावी जातात. तेवढ्या गोष्टींपुरता पाद्री बरोबर होता.

दुसऱ्या वर्षी मला सातपुड्यात पालच्या वरच्या पाड्यांत टाकलं. पाल रावेर तालुक्यातच, पण खालच्या केळीवाल्यांना ते थंड हवेचं ठिकाण म्हणून माहीत, म्हणजे पाहुणे आले की एकदा दाखवून आणायचं. वर पावरा, बारेला, तडवी वस्त्या. मी गेले ते दिवस भोंगऱ्या बाजाराचे होते. होळीच्या आधीच्या त्या बाजाराला सगळा डोंगर खाली उतरलेला असतो. पाड्यात मी, एक म्हातारा आणि कोंबड्या. सर्वेक्षणाच्या तारखा ठरवणाऱ्या माणसाच्या पंचांगात होळी नव्हती.

नंतर नकाशा काढायचा दिवस आला. गावकऱ्यांनीच जमिनीवर आपल्या गावाचा नकाशा काढायचा, शिकलेल्या माणसांनी बाजूला गप्प बसायचं, अशी एक पद्धत आहे. जगभर वापरतात, रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकाने ती फार लोकप्रिय केली. आम्ही रांगोळीचे रंग नेले होते. घरं दाखवायला मक्याचे दाणे. पुरुषांनी आधी पालकडे जाणारा रस्ता काढला, भला रुंद, प्रत्यक्षात एवढा असता तर एसटी आली असती. बायकांनी नाला काढला, लाकडांची वाट काढली, आणि रस्त्याला ओलांडून दुसऱ्या बाजूला गेल्या. मग हापशावरून जुंपली. एका काकांनी हापसा काढला. एका बाईने तो पायाने पुसला. त्यांनी पुन्हा काढला. तिने पुन्हा पुसला. पावरी मला कळत नव्हती, तरी वाद कळत होता. हापसा होता, त्याला दांडा नव्हता. सरकारच्या कागदावर हापसा आहे, म्हणून काकांना तो नकाशावर हवा होता, नाही तर दुरुस्तीला कोणी येणार नाही. बाईचं म्हणणं, जिथून पाणी येत नाही तो हापसा कसला. मी गप्प बसायचं शिकलेली असल्याने गप्प होते. शेवटी एका शाळकरी मुलाने दांडा नसलेला हापसा काढला. दोघांनाही तो पटला. तेवढ्यात कोंबडीने उत्तरेकडची चार घरं खाल्ली.

त्याच मुलाने मला पुढे वनहक्काच्या दाव्यांत मदत केली. २००६ सालच्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी कसत आहेत तिचा हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेची वनहक्क समिती तपासते. पुरावे एकाहून जास्त लागतात. आता जंगलात नांगर धरणाऱ्याकडे कागद कुठून असणार? असलाच तर वनखात्याने केलेल्या दंडाची पावती, आणि ती माणसं पावती जिवापाड जपतात. पण नियमांत एक सोय आहे. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरतात. वाचताना मी ते वाक्य परत वाचलं. सरकारी नियमात म्हाताऱ्याच्या बोलण्याला कागदाच्या पंगतीत पाट दिलेला होता.

म्हाताऱ्यांना तारीख विचारून उपयोग नसतो. भोंगऱ्याच्या दिवशी एकटे भेटले होते तेच बाबा जबाब द्यायला बसले. ते दोन शब्द बोलायचे आणि तो मुलगा मराठीत अर्धं पान सांगायचा. मी थांबवलं. म्हटलं, ते म्हणाले तेवढंच सांग. तो म्हणाला, ‘‘त्यांनी एवढंच सांगितलं. बाकीचं ते रोज सांगतात.’’ मग बाबांना सावकाश बोलतं केलं. कोणाच्या लग्नाच्या वर्षी कुठपर्यंत दगड वेचले होते, थोरल्या मुलाला दात आले तेव्हा ज्वारी कुठे होती, रखवालदाराने कोणत्या आंब्याखाली कुऱ्हाड काढून घेतली. मी लग्नांवरून सालं काढत बसले. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरून दात, दातावरून ज्वारी, ज्वारीवरून जमीन. मेरी रिचमंडला हे आवडलं असतं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, मुलाने पावरीत सांगितलं, बाबांनी एका जागी हरकत घेतली. आंब्याखाली नाही, मोहाखाली. मी खोडलं, मोह लिहिलं, आणि त्यांनी अंगठा दिला. मॅडमनी त्या पानावर लाल शाईने काही लिहिलं नाही.

ग्रामीण शिबिराबद्दल थोडक्यात सांगते, कारण सगळ्यांची शिबिरं सारखीच असतात. पहाटे प्रभातफेरी, रात्री पथनाट्य, मधल्या वेळात श्रमदान. आम्ही शोषखड्डा खणायला घेतला. केळीची लागवड करणारी, जन्मभर खड्डे घेतलेली माणसं बांधावर उकिडवी बसून बघत होती. बराच वेळ त्यांनी सभ्यपणे सहन केलं. मग एकाने येऊन माझ्या हातातली कुदळ काढून घेतली आणि म्हणाला, ‘‘तुम्ही गाणं म्हणा.’’ समारोपाच्या भाषणात लोकसहभाग लाभल्याचा उल्लेख झाला.

शिक्षण संपलं आणि आप्पांचा प्रश्न परत पुढ्यात आला. तसं बघायला गेलं तर समाजकार्याची पदवी लागेल अशा जागा देशात पूर्वीपासून आहेत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक १९४६ सालीच नेमला गेला होता. १९४८च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला. कौटुंबिक न्यायालयाला समुपदेशक लागतो, बालकल्याण समितीला माणसं लागतात. जागा आहेत, भरती नाही. जी निघते ती कंत्राटी, ११ महिन्यांची. हे ऐकून आप्पा गप्प झाले. खानदेशात सालदार आखाजीला ठरतो आणि पुढच्या आखाजीला मोकळा होतो, पुरे बारा महिने. वर धान्य, दोन जोडी कपडे, सणाला गोडधोड. आप्पांनी हिशेब केला आणि म्हणाले, ‘‘सालदारापेक्षा एक महिना कमी. आणि कपडे तुझेच.’’

आबांना मात्र यात समाधान सापडलं. म्हणाले, दर वर्षी एक महिना तरी तू नोकरी सोडून समाजकार्य करशील.

मी समुपदेशक झाले. एका सरकारी इमारतीत मला खोली मिळाली, दाराला कडी आहे, आणि दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्यांना आतलं ऐकू येत नाही, हे मी पहिल्या दिवशी एका शिपायाला आत बडबडायला लावून तपासून घेतलं. आत्या एकदा येऊन खोली बघून गेली. बाक लांब आहे, एवढंच बोलली.

मग एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्याबरोबर एक बाई होती, डोक्यावर पदर, नजर खाली. आत्याने तिला आतल्या खोलीत बसवलं आणि म्हणाली, ‘‘हिच्यापाशी बोल माय. ही कोणालेच सांगत नाही. मी सांगते, पण ही नाही.’’ आणि स्वतःहून बाहेर जाऊन तिने दार ओढून घेतलं. काकू आली, समोरची आली, दोघींना तिने ओट्यावरच अडवलं.

बाई गेल्यावर आत्या आत आली, पाट घेऊन बसली आणि म्हणाली, ‘‘हं, सांग.’’

मी सांगितलं नाही. तिने माझ्याशी अबोला धरला. ती बाई मात्र अधूनमधून येत राहिली, आणि दर वेळी तिच्या हातात आत्याने दिलेला डबा असायचा, एका घरचं वरण, दुसऱ्या घरची बट्टी.